दादाभाईंची भाषणं आणि साताऱ्याचं गाऱ्हाणं : जुनं हॅन्सर्ड वापरायचं कसं

ब्रिटिश संसदेत काय बोललं गेलं याचा छापील अहवाल म्हणजे हॅन्सर्ड. १८०३ ते २००५ या दोनशे वर्षांचे खंड स्कॅन करून, त्यातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेऊन ब्रिटिश संसदेनं ते सगळ्यांना फुकट वाचायला ठेवले आहेत. नाव नोंदवायचं नाही, पैसे भरायचे नाहीत. साताऱ्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, इतिहासाचे शिक्षक आणि प्रतापसिंह महाराजांच्या प्रकरणात रस असलेली मंडळी यांना या सेवेचं नाव ऐकून ठाऊक असतं, पण फारसं कुणी ती उघडून बसत नाही. उघडलीच तर पहिल्या पाच मिनिटांत शोध फसतो आणि ‘यात काही नाही’ म्हणून खिडकी बंद होते. वास्तविक माल आहे, भरपूर आहे. फक्त फडताळाची कुलपं जुन्या पद्धतीची आहेत.

ही सेवा तपासायला दादाभाई नौरोजींची कारकीर्द मापाची आहे. १८९२ च्या जुलैत ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे निवडून आले आणि १८९५ च्या जुलैत हरले. म्हणजे कॉमन्समध्ये, संसदेच्या निवडून दिलेल्या सभागृहात, तीन वर्षं. तेवढं सगळं वाचायला मे महिन्याची एक सुट्टी पुरते, आणि तेवढ्यात या सेवेचे गुण-दोष बहुतेक सगळे समोर येतात.

आधी पत्ता. जुनी साइट ‘एपीआय डॉट पार्लमेंट डॉट यूके’ याच्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘हिस्टॉरिक-हॅन्सर्ड’ अशी उघडते. नवी साइट ‘हॅन्सर्ड डॉट पार्लमेंट डॉट यूके’. दोन्हींत जुनी भाषणं आहेत, म्हणून लोक गोंधळतात. सोपा नियम असा : शोधायचं नव्यावर, वाचायचं जुन्यावर. नव्या साइटवर तारखेची ‘पासून-पर्यंत’ मर्यादा घालता येते, सभागृह निवडता येतं, आणि शब्द अवतरणचिन्हांत टाकले की नेमका तोच शब्दसमूह शोधला जातो. जुन्या साइटचं रूप मात्र साधं, निव्वळ मजकुराचं. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत. म्हणून पाटण किंवा जावळीच्या आतल्या गावात, जिथे रेंजची एखादीच काडी येते, तिथेही पान उघडतं. हा गुण छोटा नाही.

जुन्या साइटवर दोन दारं कामाची. एक माणसांचं, दुसरं दिवसाचं. माणसांच्या दारातून आडनावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षरावर जायचं. दादाभाई ‘एन’खाली, नौरोजी म्हणून सापडतात. त्यांच्या पानावर मतदारसंघ, सदस्यत्वाचा काळ आणि त्यांनी कधी, कोणत्या विषयावर तोंड उघडलं त्याची वर्षवार यादी आहे. यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं की सरळ त्या भाषणापाशी. दिवसाच्या दाराला पत्ता हातानंच टाइप करता येतो : ‘सिटिंग्ज’, मग वर्ष, मग महिन्याच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं, मग दोन आकडी तारीख, प्रत्येकाच्या मध्ये तिरकी रेघ. एक तारखेला नुसतं १ न लिहिता ०१ लिहावं.

या माणसांच्या पानावर विसंबून राहणं ही पहिली चूक. त्यावर फक्त सदस्य स्वतः बोलले त्या जागा आहेत. त्यांच्याबद्दल इतर काय बोलले, ते तिथे नाही. आणि नाव टाकून शोधलं तरी ते निम्मंच सापडतं, कारण कॉमन्सची रीत अशी की सदस्यानं दुसऱ्याचा उल्लेख नावानं करायचा नाही, मतदारसंघानं करायचा. दादाभाईंना उत्तर देणारा मंत्री ‘सेंट्रल फिन्सबरीचे सन्माननीय सदस्य’ म्हणेल. म्हणून नव्या साइटवर १ ऑगस्ट १८९२ ते ३१ जुलै १८९५ अशी मर्यादा घालून ‘सेंट्रल फिन्सबरी’ आणि ‘फिन्सबरी’ असे दोन वेगळे शोध घ्यावेत. दुसऱ्यात ईस्ट फिन्सबरीचाही कचरा येतो, तो हातानं निवडावा लागतो.

शिवाय उत्तर देणारा माणूस कोण, हे ठाऊक असलं तर काम निम्मं होतं. ऑगस्ट १८९२ ला ग्लॅडस्टनचं सरकार आलं, तेव्हा भारतमंत्री होता लॉर्ड किंबर्ली. तो लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात बसणारा. त्यामुळे कॉमन्समध्ये हिंदुस्थानविषयक प्रश्नांना उत्तरं द्यायचा त्याचा उपमंत्री, जॉर्ज रसेल. १८९४ च्या मार्चमध्ये हेन्री फाउलर भारतमंत्री झाला, तो कॉमन्सचाच सदस्य, आणि तिथून पुढे उत्तरं त्याची. तेव्हा दादाभाईंचं पान एका खिडकीत आणि रसेल किंवा फाउलरचं दुसऱ्या खिडकीत ठेवून तारखा जुळवत गेलं की प्रश्नोत्तराच्या जोड्या सापडतात. वेडरबर्न यांचंही पान उघडं असू द्यावं. सर विल्यम वेडरबर्न मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले गृहस्थ, १८९३ मध्ये बॅन्फशायरमधून निवडून आले आणि १९०० पर्यंत सदस्य राहिले. दादाभाई हरल्यावर हा धागा पुढे त्यांच्याच पानावर चालू राहतो. पुढच्या काळात दुसरे हिंदी सदस्य म्हणून मंचरजी भावनगरी सापडतील, पण ते कॉन्झर्व्हेटिव्ह, १८९५ ते १९०६. दादाभाईंच्या वाटेनं जाणारे नव्हेत.

आता मुद्द्याचं. दादाभाईंचं भाषण उघडल्यावर ‘मिस्टर नौरोजी म्हणाले की त्यांना असं वाटतं’ अशा वळणाचं इंग्रजी दिसलं, तर ते कुणी संक्षेप केलेला आहे असं समजून पान सोडू नका, आणि ते शब्दशः दादाभाईंचेच शब्द आहेत असंही समजू नका. दोन्ही चुका सर्रास होतात.

कारण असं. हा अहवाल विल्यम कॉबेट यानं सुरू केला आणि १८१२ मध्ये टॉमस कर्झन हॅन्सर्ड या छापखानेवाल्यानं विकत घेतला. बराच काळ त्यांचे स्वतःचे वार्ताहर सभागृहात नसत. वर्तमानपत्रांतले वृत्तान्त गोळा करून, सदस्यांकडून दुरुस्त करवून खंड छापला जाई. संसदेनं स्वतःचे वार्ताहर नेमून शब्दशः म्हणावा असा अधिकृत अहवाल सुरू केला तो १९०९ मध्ये. दादाभाईंची तीन वर्षं त्याच्या आधीची, ज्याला चौथी मालिका म्हणतात तिच्यातली (१८९२ ते १९०८). त्या काळी हे काम ठेकेदारांकडं होतं. मोठ्या मंत्र्यांची भाषणं बऱ्यापैकी पूर्ण, मागच्या बाकावरच्यांची कापलेली, ‘ते म्हणाले’ वळणात बसवलेली. प्रश्न मात्र बहुधा प्रथमपुरुषात, कारण ते आधी लेखी दिलेले असत.

यातही एक खूण आहे आणि ती ठाऊक नसल्यामुळे चांगले अभ्यासकसुद्धा ठेचाळतात. चौथ्या मालिकेत काही नावांच्या आधी तारा छापलेला असतो. त्याचा अर्थ : हे भाषण सदस्यानं स्वतः तपासून दुरुस्त केलेलं आहे. तारा असला तर मजकूर लेखकाच्या संमतीचा मानायला हरकत नाही. तारा नसला तर तो वार्ताहराचा कच्चा-पक्का सारांश. स्कॅनमध्ये हा तारा कधी टिकतो, कधी पुसला जातो, कधी भलतंच चिन्ह होऊन बसतो. शंका आली तर छापील खंडाचं स्कॅन पाहावं. अवतरणचिन्हांत घालून ‘दादाभाई म्हणाले’ असं लिहायचं असेल, तर तारा नसलेलं आणि तृतीयपुरुषी वाक्य वापरू नये. ‘दादाभाईंचा मुद्दा असा होता’ एवढंच लिहावं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत प्रथमपुरुषात फिरवलेली वाक्यं ऐकू येतात, त्यांतली बरीच अशीच कुणीतरी परस्पर ‘ते’चं ‘मी’ करून तयार केलेली असतात.

पहिलं भाषण ९ ऑगस्ट १८९२ चं. ते राणीच्या भाषणावरच्या आभाराच्या चर्चेत आहे, म्हणून ‘हिंदुस्थान’ या शब्दानं शीर्षक शोधाल तर सापडणार नाही. दिवसाच्या दारानंच जावं. तेव्हा पंतप्रधान सॉल्सबरीचं सरकार अजून खुर्चीत होतं, दोनच दिवसांनी ११ ऑगस्टला ते पडलं. ते अधिवेशन ऑगस्टमध्येच आटोपलं आणि पुढचं १८९३ च्या जानेवारीअखेरीस भरलं. मधल्या पाच महिन्यांत यादीत काही दिसत नाही म्हणून ‘इथलं पान गळालंय’ असा संशय घ्यायचं कारण नाही. सभागृहच बंद होतं.

हे सगळ्याच वर्षांना लागू. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चर्चा अधिवेशनाच्या शेवटाला, बहुधा ऑगस्टमध्ये, सदस्य गावाला निघून गेल्यावर रिकाम्या बाकांपुढे व्हायची. शीर्षक ‘ईस्ट इंडिया रेव्हेन्यू अकाउंट्स’. हे तीन-चार शब्द जसेच्या तसे शोधले की दरवर्षीची ती चर्चा हाती लागते. दादाभाईंच्या कामातला सगळ्यात वजनदार भाग तिथे आहे. १४ ऑगस्ट १८९४ ला त्यांनी हिंदुस्थानच्या कारभाराची पूर्ण आणि स्वतंत्र संसदीय चौकशी मागितली ती अशाच वेळी. पुन्हा १२ फेब्रुवारी १८९५ ला, अधिवेशन उघडताना, हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात खर्च न्यायानं वाटला जावा यासाठी त्यांनी दुरुस्ती मांडली. त्या वर्षी मेमध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग नेमला गेला आणि दादाभाई, वेडरबर्न त्यावर सदस्य झाले. ही दोन भाषणं एका बैठकीत, एकापाठोपाठ वाचावीत. युक्तिवाद कसा घासून पुसून धारदार होत गेला ते दिसतं.

२ जून १८९३ चं पान मात्र प्रत्येकानं उघडावं. हिंदी सनदी नोकरीची परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थान दोन्हीकडे एकाच वेळी घ्यावी हा ठराव हर्बर्ट पॉल यांनी मांडला, सरकारनं विरोध केला आणि ठराव तरीही ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. सभागृह तेव्हा ६७० जणांचं. मोजा : मत देणारे १६०. बाकीचे गैरहजर. हा आकडा समोर ठेवला की ठराव पास होऊनही पुढे काही का झालं नाही, ते समजतं. हिंदुस्थान सरकारकडं मत मागवलं गेलं, त्यांनी नको म्हटलं, विषय दप्तरात गेला. परीक्षा हिंदुस्थानात घ्यायला १९२२ साल उजाडलं. परीक्षेच्या पुस्तकांत ‘१८९३ चा ठराव’ एवढीच ओळ असते. त्यातून वाटतं की कायदा झाला होता. ठराव आणि कायदा यातला फरक या एका पानानं जितका कळतो तितका नागरिकशास्त्राच्या धड्यानं कळत नाही.

मतदानाबद्दल एक सावधगिरी. कोणी कुठे मत दिलं ते माणसाच्या पानावर येत नाही. मतविभागणीच्या नावांची यादी चर्चेच्या शेवटी असते, आणि तिथे स्कॅनचा गोंधळ सगळ्यात जास्त : दोन स्तंभांतली नावं एकमेकांत मिसळतात, आडनाव एका ओळीत आणि आद्याक्षर दुसऱ्या. नाव सापडलं नाही म्हणजे मत दिलं नाही, असा निष्कर्ष काढू नये.

पैशाचे आकडे वाचताना तर डोळ्यांत तेल घालावं लागतं. एक घोटाळा स्कॅनचा. जुन्या छपाईत पौंडाचं चिन्ह आकड्याच्या आधी न येता आकड्याच्या मागे इंग्रजी ‘एल’ हे बारीक अक्षर यायचं. संगणक ते कधी कधी ‘१’ वाचतो. मग ५,००० पौंडांचे होतात ५०,००१. स्वल्पविराम चुकीच्या जागी पडलेला आणि शेवटी एकटा १ लटकलेला दिसला की समजावं, हा एल आहे. १८४० च्या आसपासच्या खंडांत हे जास्त.

दुसरा घोटाळा आपल्या अज्ञानाचा. हिंदुस्थानच्या जमाखर्चात त्या काळी ‘आर’पुढे ‘एक्स’ जोडून एक चिन्ह वापरत. ते रुपयाचं चिन्ह नव्हे. त्याचा अर्थ दहा रुपये. रुपया दोन शिलिंगांचा होता तेव्हा दहा रुपये म्हणजे एक पौंड व्हायचा, म्हणून हिशोब सोपा जावा यासाठी ही सोय काढली होती. रुपया घसरला, सोय तशीच राहिली. त्यामुळे ‘आरएक्स २० लाख’ असं दिसलं तर ते दोन कोटी रुपये, आणि पौंड नव्हेतच. हे न कळता केलेले तक्ते दहापटीनं चुकतात, आणि मग दादाभाईंनी आकडे फुगवले असा शहाणपणा कुणीतरी करतं.

रुपयाच्या या घसरणीत दादाभाईंची अर्धी भाषणं अडकलेली आहेत, म्हणून गणित एकदा करूनच घ्यावं. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. रुपया २ शिलिंगांचा असताना (२४ पेन्स) एका पौंडाला १० रुपये. १८९२-९३ च्या सुमाराला तो १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास आला (१५ पेन्स), म्हणजे एका पौंडाला १६ रुपये. हिंदुस्थाननं दरवर्षी इंग्लंडमध्ये पौंडांत भरायचा खर्च, ज्याला ‘होम चार्जेस’ म्हणत, तो दीड कोटी पौंडांच्या वर होता. दीड कोटीच धरला तरी आधी १५ कोटी रुपये पुरायचे, आता २४ कोटी लागू लागले. सरकारचा उपाय : २६ जून १८९३ ला लोकांच्या चांदीचे रुपये पाडून द्यायला टांकसाळी बंद करून रुपया महाग करायचा. दादाभाईंचा त्याला विरोध होता आणि त्याचं कारण शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तरच कळतं. सारा रुपयांत ठरलेला. रुपया महाग केला की तेवढेच रुपये भरायला कुणब्याला जास्त धान्य विकावं लागणार. कागदावर सारा वाढलेला नाही, खळ्यातून माप मात्र जास्त गेलं. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला हा मुद्दा फोड करून सांगावा लागत नाही.

आता जे या सेवेत मिळणारच नाही, ते. सॉल्सबरीनं दादाभाईंना ‘काळा माणूस’ म्हटलं हे सगळ्यांना पाठ आहे, आणि बहुतेक जण ते हॅन्सर्डमध्ये शोधायला येतात. ते तिथे नाही. १८८८ च्या नोव्हेंबरअखेरीस एडिंबरोच्या जाहीर सभेत तो ते बोलला. दादाभाई त्याआधी १८८६ मध्ये होबर्नमधून हरले होते त्या संदर्भात. सभागृहाबाहेरचं बोलणं हॅन्सर्डमध्ये येत नाही, ते वर्तमानपत्रांत शोधावं. निवडणुकीचे आकडेही नाहीत. १८९२ चं मताधिक्य काही पुस्तकांत ३ आणि काहींत ५ दिसतं, कारण आधी जाहीर झालेला आकडा आणि फेरमोजणीनंतरचा आकडा वेगळा. त्यावरून हॅन्सर्डला दोष देण्यात अर्थ नाही.

समित्या आणि आयोगांपुढची साक्षही इथे नाही. १८७३ मध्ये हिंदुस्थानच्या जमाखर्चाच्या संसदीय प्रवर समितीपुढे दादाभाईंनी दिलेली साक्ष, किंवा १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे गोखले, वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची झालेली उलटतपासणी, हे सगळं ‘निळ्या पुस्तकां’त, म्हणजे संसदीय कागदपत्रांच्या वेगळ्या मालिकेत छापलेलं आहे. दरडोई उत्पन्न वर्षाला २० रुपये हा त्यांचा गाजलेला हिशोबही मुळात संसदेतला नव्हे, सदस्य होण्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे ‘दादाभाईंचं सगळं’ हवं असेल तर हॅन्सर्ड हा तिसरा हिस्सा धरा.

साताऱ्याकडे वळू. इथल्या माणसाला या सेवेचा खरा मोह दादाभाईंपेक्षा पन्नास वर्षं आधीच्या पानांचा असतो. ५ सप्टेंबर १८३९ ला प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, काशीला नेलं, १८४७ च्या ऑक्टोबरात ते तिथेच वारले. भाऊ शहाजी तथा आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ ला गेले आणि डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. या सगळ्या काळात महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला ठाण मांडून होते. १८५३ मध्ये परतले.

‘सातारा’ असं आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर १८४० च्या दशकातलं जवळजवळ काहीच हाती लागत नाही. त्या वेळी साताऱ्याचं स्पेलिंग डबल टी घालून करत : एस-ए-टी-टी-ए-आर-ए. तेवढं एक अक्षर वाढवा आणि १८४० ते १८५३ अशी मर्यादा घाला. ‘राजा’ हा शब्द जोडू नये, कारण तो कुठे शेवटी ‘एच’ घालून आहे, कुठे न घालता. प्रतापसिंहांचं नाव ‘पी-ई-आर-टी-ए-यू-बी’ असं सुरू होतं. रंगो बापूजींच्या नावात ‘यू’ येतो, रुंगो; आणि बापूजींचं ‘बापोजी’ होतं, शेवटी दोन ‘ई’. पण रंगो बापूजींना माणसांच्या यादीत शोधू नका. ते सदस्य नव्हते, त्यांना सभागृहात उभं राहून बोलता येत नव्हतं. ते दिसतात ते दुसऱ्याच्या तोंडून.

ती तोंडं मुख्यतः दोन. जोसेफ ह्यूम, स्कॉटलंडच्या माँट्रोजचा सदस्य, सरकारी खर्चावर डोळा ठेवणारा खट माणूस. आणि १८४७ ते १८५२ मध्ये टॉवर हॅम्लेट्सचा सदस्य असलेला जॉर्ज थॉम्सन, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला वक्ता. ह्यूमच्या पानावरून साताऱ्याची चर्चा शोधणं म्हणजे मार्केट यार्डात हरवलेली सुई शोधणं. हा माणूस प्रत्येक विषयावर उठून बोलायचा, यादी संपता संपत नाही. इथे मघाचाच डबल टीचा शोध वापरावा आणि त्यातून तारीख घेऊन दिवसाच्या दारानं शिरावं. थॉम्सनचं पान मात्र आटोपशीर आहे, ते सरळ वाचता येतं.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत, ज्याला ‘कोर्ट ऑफ प्रोप्रायटर्स’ म्हणत, साताऱ्यावर खूप वादंग झाला. ती सभा संसद नव्हे, तिचं काहीही हॅन्सर्डमध्ये नाही. आणि हे खंड वार्ताहर नेमण्याच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे ‘ते म्हणाले’चा दोष इथे दुप्पट. नावांची मोडतोडही जास्त. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान आणि देशी पलटणीत फितूर हे महाराजांवरचे आरोप होते. त्या वादातली गावांची, माणसांची मराठी नावं इंग्रज कारकुनानं ऐकली तशी लिहिली, छापखान्यानं वाचली तशी छापली, संगणकानं ओळखली तशी उतरवली. तीन चाळण्यांतून उरलेलं नाव मोठ्यानं म्हणून पाहावं. डोळ्याला न कळलेलं नाव कानाला पुष्कळदा कळतं. हे काम साताऱ्यातला माणूस लंडनच्या अभ्यासकापेक्षा चांगलं करील, कारण गावांची नावं त्याच्या तोंडात आहेत.

मराठीतून वाचायची सोय नाही. ब्राउझरचं यंत्र-भाषांतर चालू केलं तर संसदेची परिभाषा हमखास घसरते. ‘ॲड्रेस’ म्हणजे राणीच्या भाषणाला दिलेलं उत्तर, त्याचा ‘पत्ता’ होतो. ‘सप्लाय’ म्हणजे खर्चाला मंजुरी, त्याचा ‘पुरवठा’. ‘डिव्हिजन’ म्हणजे मतविभागणी, त्याचा ‘विभाग’. आणि होम चार्जेसचा ‘घरखर्च’ झाला की दादाभाईंचा आयुष्यभराचा मुद्दाच उलटा होऊन बसतो. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीच वाचावं. एकोणिसाव्या शतकातलं असलं तरी चौथ्या मालिकेतलं इंग्रजी अवघड नाही. वाक्यं लांब आहेत, एवढंच.

उतारा घ्यायचा झाला तर पानाचा पत्ता पुरेसा नाही. हॅन्सर्डच्या छापील पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक स्तंभांना दिलेले असतात, पानांना नव्हे. संदर्भात सभागृह, तारीख, खंड आणि स्तंभ हे चारही लिहावेत. जुन्या साइटवर चर्चेच्या शीर्षकाशी ते दिलेलेच असतात. ‘पृष्ठ’ लिहिलं तर जाणकार परीक्षक तिथेच खूण करतो. मालिकेचा क्रमांकही घालावा, कारण खंड ७ तिसऱ्या मालिकेतही आहे आणि चौथ्यातही. छापून घ्यायचं तर आख्खी चर्चा झेरॉक्सवाल्याकडे पाठवू नका. आयर्लंडच्या स्वराज्य विधेयकाच्या १८९३ मधल्या एकेका दिवसाचा मजकूर ढीगभर पानांचा आहे, आणि दादाभाईंचं त्यात असलं तर एखाद्या प्रश्नापुरतं. हवा तेवढा मजकूर उचलून वेगळ्या फाइलीत घ्यावा, वर चारही तपशील टाकावेत, मग छापावं. मजकूर पुन्हा वापरायला संसदेच्या खुल्या परवान्यानुसार मुभा आहे, स्रोत सांगायचा एवढी अट.

गोखल्यांसाठी कुणी या साइटवर आलं तर उपयोग नाही. ते बसले ते मुंबईच्या आणि मग कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात. २६ मार्च १९०२ चं अर्थसंकल्पावरचं भाषण किंवा प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ नं पडलं ती चर्चा आपल्या संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुन्या कौन्सिलांच्या कार्यवाहीत शोधावी लागते. तिथे पानांची स्कॅन चित्रं आहेत, फाइली जड आहेत, मोबाइलवर दम लागतो. पण छापलेलं अक्षर डोळ्यांना दिसतं, आणि तारा पुसला गेला का हा प्रश्न उरत नाही.

गुण द्यायचेच तर दादाभाईंसाठी पाचपैकी चार. साताऱ्यासाठी तीन, तेही डबल टी ठाऊक असेल तर. नसेल तर शून्य.